चाकांवरचं घर आणि वाटेवरचं पाणी

नारायण वामन टिळकांनी १९१७ सालच्या सप्टेंबरात अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. ख्रिस्ती होऊन २२ वर्षं झाली होती. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे होतं, त्यांची भजनं नगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या मंडळ्यांत म्हटली जात होती, आणि म्हातारपणाची सोय लागायला काही अडचण नव्हती. अशा वेळी या गृहस्थांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमाज, अशी त्यांची कल्पना होती. पगार नाही, मिशनचा हुकूम नाही. जो येईल तो आपला आणि जे मिळेल त्यावर भागवायचं.

लेख कॅराव्हॅनवर लिहायचा आणि सुरुवात टिळकांपासून करायची, हे काही वाचकांना तिरपागडं वाटेल. पण अमेरिकेत घरदार विकून आरव्हीत कायमचं राहायला जाणारी जी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांची भाषा ऐकली की मला टिळकच आठवतात. सामान कमी करायचं, कर्जाचे हप्ते संपवायचे, सकाळी उठून शास्त्रपाठ करायचा, मुलांना जवळ घेऊन प्रार्थना करायची, देव नेईल तिकडे गाडी वळवायची. आपल्याकडे ही हौस आता कुठे उगवते आहे. पुण्या-मुंबईतली नोकरी लॅपटॉपवरून करता येते हे कळल्यावर फ्लॅटचं ओझं नको झालेली तरुण जोडपी गाड्या बांधून देणाऱ्या कारागिरांकडे चौकशा करू लागली आहेत. त्यात सगळ्या धर्मांची माणसं आहेत. ख्रिस्ती माणसाला मात्र ही वाट आपल्या शास्त्रातच आखून दिल्यासारखी वाटते. अब्राहाम तंबूत राहिला, इस्राएल लोक ४० वर्षं रानात भटकले, त्यांचा देवसुद्धा मंडपातच राहिला, आणि पौलाचा तर धंदाच राहुट्या करण्याचा होता.

तेव्हा आधी गाडी पाहू.

आपल्याकडे बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरची किंवा तसल्याच एखाद्या लांब व्हॅनची सांगाडा-गाडी घेतात आणि आतली बाकडी काढून घर रचतात. मागच्या बाजूला पलंग, त्याच्या पोटात पेट्या. मधे एका अंगाला ओटा, त्यावर दोन शेगड्यांची चूल, खाली पाच किलोचं छोटं सिलिंडर. दुसऱ्या अंगाला कपाटाएवढी मोरी. तिच्यातच संडासाची खुर्ची, आणि त्या खुर्चीखाली सुटकेससारखी ओढून काढायची पेटी. टपावर सौर पॅनेल, सीटखाली लिथियमची बॅटरी. गाडीच्या पोटाला दोन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी वापरून झालेल्या पाण्याची. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची धरा. आपल्या रीतीने बादलीभर पाण्याने आंघोळ करणारी दोन माणसं असतील, भांडी घासायची असतील, तर ती दीड-दोन दिवसांत कोरडी पडते. गाडी दाखवणारा माणूस पलंग उघडून दाखवतो, टीव्ही दाखवतो, पण या टाक्यांविषयी आपण विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याचं शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं असतं: एकदा गाडी घेतली की कुणाकडे काही मागायला नको.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. गाडीच्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर पुन्हा बोट ठेवलं आहे. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांची नोंदणी आहे, कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे. धोरण पर्यटकासाठी आहे. चार दिवस महाबळेश्वरला जाऊन परतणारा माणूस सरकारच्या डोळ्यांपुढे आहे. गाडीतच बिऱ्हाड करणाऱ्याने रेशनकार्डावर आणि मतदारयादीत पत्ता काय लिहायचा, याची चिंता त्यात कुणी केलेली नाही, आणि सरकारने ती करावी असं मलाही वाटत नाही.

आता टिळकांच्या साताऱ्याकडे वळू. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट चढला की सातारा जिल्हा सुरू झाल्यासारखा वाटतो. खरं तर तो नीरा ओलांडली तेव्हाच सुरू झालेला असतो. आणि नीरा म्हटली की चाकांवरचं घर ही कल्पना या जिल्ह्याला नवी नाही, हे कबूल करावंच लागतं. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला येते, तिथून तरडगाव, फलटण, बरड. माणसं चालतात आणि घर ट्रकमधून पुढे जातं. लोणंदच्या बाजूला उभं राहून एखादा दिंडीचा ट्रक रिकामा होताना पाहावा. फाळका पडतो, आधी तंबूच्या बांबूंची मोळी खाली येते, मग ताडपत्र्या, मग हांडे-पातेली, पिठाची पोती, भट्टीच्या शेगड्या, शेवटी वारकऱ्यांच्या वळकट्या, प्रत्येकीवर रंगाने नाव घातलेलं. आचारी सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो. पाण्याचा टँकर आला की बायका घागरी घेऊन धावतात, आणि टँकर उशिरा आला तर जवळच्या वस्तीवरची कुणी माउली आपल्या विहिरीची मोटर सुरू करून देते. या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, म्हणजे याच जिल्ह्यातल्या आरफळच्या माणसाने. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्कराचा तळ कसा हलवायचा हे त्यांना माहीत होतं.

वारी सोडली तर इथे वर्षाचे सहा महिने रस्त्यावर काढणारे वेगळे लोक आहेत. माण, खटाव, आटपाडी, जतचे मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणच्या नाहीतर कृष्णाकाठच्या दिशेने निघतात. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडचे ऊसतोडणी मजूर कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीच्या बाजूला टायरगाड्या घेऊन येतात आणि शेताच्या कडेला कोप्या घालतात. त्यांच्या राहण्याला कुणी जीवनशैली म्हणत नाही. कॅराव्हॅनचा विचार करताना एवढं भान ठेवलं तरी पुष्कळ.

ख्रिस्ती धर्म सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत आला तोही बराचसा गाडीवर बसूनच. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पडलं. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि पुढे ते सांगली-मिरजेपर्यंत पसरलं. पावसाळाभर पाद्री ठाण्यावर असत. दिवाळी उलटली, रस्ते वाळले की दौरा निघे. दोन बैलगाड्यांत तंबू, खाटा, कंदील, औषधाची पेटी आणि पुस्तकांचे गठ्ठे. गावाबाहेरची आमराई गाठायची, विहीर जवळ आहे ना हे पाहायचं आणि राहुट्या ठोकायच्या. सकाळी खेड्यांत फेरी, दुपारी औषधं, रात्री पांढऱ्या कापडावर जादूच्या कंदिलाची चित्रं. चार-सहा दिवसांनी पुढचं गाव. होळीच्या सुमाराला उन्हं चटके देऊ लागली की परत ठाण्यावर, आणि तिथून महाबळेश्वर.

या दौऱ्यांची वर्णनं परदेशात वाचणाऱ्यांना फार रम्य वाटत असणार. मला त्यातल्या दोन गोष्टी खटकतात. साहेबाच्या तंबूत बबर्ची होता, भिस्ती होता, घोड्याला मोतद्दार होता. त्याला कष्टाची व्याख्या जरा जपूनच लावावी लागेल. आणि जी माणसं खरोखर पायी गावोगाव फिरली, ते मराठी उपदेशक आणि त्या बायबल बाया, त्यांची नावं अहवालांत क्वचितच धड येतात. साहेब पुढच्या वर्षी सुट्टीवर स्वदेशी जाई. बायबल बाई त्याच पंचक्रोशीत, त्याच टवाळीत, वर्षानुवर्षं काढी.

टिळकांना हे दौऱ्याचं जिणं मिशनमध्ये येण्याआधीपासून अंगवळणी पडलेलं होतं. त्यांचा ख्रिस्ताशी पहिला खरा परिचय झाला तोच प्रवासात: नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आणि त्यानंतरही हा माणूस एका गावी टिकला नाही. नाशिक, वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, सातारा. मनात आलं की उठून चालायला लागायचं, हातातला पैसा भेटेल त्याला द्यायचा. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे, आणि त्या पुस्तकाची गोडी अशी की नवऱ्याच्या संतपणाचं बिल कुणी भरलं हे त्यातून सतत कळत राहतं, पण तक्रारीचा सूर कुठे लागत नाही.

चाकांवरच्या संसाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावं, असं मी गंभीरपणे म्हणतो. आध्यात्मिक ओढीने घर सोडणारा एक असतो आणि त्याची भांडी बांधणारं माणूस दुसरं असतं. बायकोला विचारलं का? नुसतं विचारलं नव्हे. उद्या पंक्चर झाल्यावर, गॅस संपल्यावर, मूल तापल्यावर गाडीत कोण काय करणार, हे बोलणं झालं का? परदेशातल्या आरव्हीवाल्यांची मोडलेली लग्नं कुणी मोजली असतील तर मला ठाऊक नाही, पण सहा फूट रुंदीत रुसून बसायला दुसरी खोली नसते एवढं गणित कुणालाही करता येईल.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मला इथे आणखी एका कारणासाठी हवी आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. तत्त्वज्ञानाचे वाद घालून त्यांचं मन वळवणं टिळकांना जमलं नाही. मन हललं ते अन्नपाण्याच्या बाजूने. जात माणसांनी केली आहे, देवाने नव्हे, हे त्यांचं त्यांनाच एके दिवशी उमगलं आणि कुणाच्याही हातचं खाण्या-पिण्याचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. श्रद्धा खोल गेली असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काय घडलेलं असतं याचा इतका रोखठोक पुरावा मराठीत दुसरा मला माहीत नाही: दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी घशाखाली उतरलं.

आता कॅराव्हॅनच्या त्या शंभर लिटरच्या टाकीकडे पाहा. तिचं सगळं मोल ‘कुणाकडे मागायला नको’ यात आहे. शुभवर्तमानात येशू आपल्या ७० शिष्यांना पाठवतो ते नेमकं उलट सांगून: पिशवी नको, झोळी नको, जोडे नकोत, जे घर दार उघडेल तिथे राहा, पुढे ठेवतील ते खा, आणि घरं बदलत हिंडू नका. देवाचा दरबार मांडणाऱ्या टिळकांनी हे शब्दशः घेतलं होतं. पगार सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहायला तयार होणं. संन्यास घेतला तरी त्यांनी संसार मोडला नाही, लक्ष्मीबाई साताऱ्यात बरोबर होत्या. पण उद्याची बेगमी मोडली. माझं म्हणणं इतकंच आहे की गाडीत राहून श्रद्धा वाढवायची असेल, तर गाडीतलं जे यंत्र सगळ्यांत सोयीचं तेच सगळ्यांत आड येतं.

पण हे म्हणणं जसंच्या तसं धरून चालत नाही. साताऱ्यातच ते तपासून घेता येतं.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुलं साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलं नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. चिठ्ठी पोचली नसल्याने न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा बरोबर होता, भरपूर होता. पाणी नव्हतं. वाटेत जे मिळालं ते गुरांनी घाण केलेलं, तोंडाजवळ नेता येईना. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

या बैलगाडीत शंभर लिटरची टाकी असती तर? मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतली बहुसंख्य कुटुंबं पूर्वाश्रमीच्या दलित जातींतली आहेत. त्यांचे आजे-पणजे उपदेशक म्हणून माण-खटावच्या उन्हात फिरले, तेव्हा आमराईतल्या विहिरीवर साहेबाचा भिस्ती पखाल भरू शकत होता, त्यांना मात्र वरून कुणी ओंजळीत ओतेल याची वाट पाहावी लागे. बाप्तिस्म्याने विहीर उघडली नाही. दारात उभं राहून मागण्यातला गोडवा चित्पावन टिळकांना सापडला. ज्यांना शतकानुशतकं दारात उभंच केलं गेलं, त्यांना त्याचं कौतुक ऐकवणं उद्धटपणाचं आहे. अशा घरातली नात उद्या स्वतःची टाकी, स्वतःचा नळ, स्वतःचं कुलूप असलेली गाडी घेऊन त्याच मसूरच्या रस्त्याने जाईल आणि कुणाकडेही काही मागणार नाही, तर तो प्रार्थनेचाच एक प्रकार आहे असं मी मानीन. तेव्हा दुसऱ्याचं पाणी घेणं ज्याला अवघड जातं त्याने ते घ्यावं. ज्याला नाकारलं गेलं त्याने आधी स्वतःचं प्यावं.

बाकी जगात चाकांवर देऊळ नेण्याचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. अमेरिकेत १८९०च्या दशकात बाप्टिस्टांनी आगगाडीचे डबेच चर्च म्हणून बांधून घेतले. पहिल्याचं नाव ‘इव्हँजेल’, साल १८९१. डब्याच्या मोठ्या भागात बाकं, व्यासपीठ, बाजाची पेटी. आणि टोकाला चिंचोळ्या खोल्यांत मिशनरी नवरा-बायकोचं बिऱ्हाड. रेल्वे पोचली पण देऊळ पोचलं नाही अशा पश्चिमेकडच्या वस्त्यांत डबा बाजूच्या रुळावर उभा करायचा, मंडळी जमली, तिने स्वतःची इमारत उभारली की पुढे सरकायचं. आरव्हीत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे हे खरे पूर्वज. इंग्लंडमध्ये चर्च आर्मीच्या घोड्यांच्या व्हॅन त्याच काळात हिंडत होत्या. आणि अलाबामातल्या टस्कीगी इथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेने १९०६ मध्ये शेतीचं शिक्षण देणारी घोडागाडी सुरू केली, ती कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन नांगर, बियाणं, दूधदुभतं दाखवी.

त्या टस्कीगीच्या गाडीचा एक भाऊबंद आपल्या सांगलीत होता. प्रेस्बिटेरियन मिशनची सांगलीतली शाळा शेतीशिक्षणासाठी नावाजलेली होती. जॉन गोहीन यांच्या काळात तिने फिरती शाळा चालवली. शिक्षकांनी खेड्यात जाऊन तळ टाकायचा, तिथे राहायचं, शेती-आरोग्याचं शिकवायचं, मग पुढचं खेडं. तंबू ठोकून उपदेश करण्यापेक्षा तंबू ठोकून काहीतरी हाताने करून दाखवणं मला अधिक ख्रिस्ती वाटतं, पण हा माझा पक्षपात झाला.

सांगलीतच याच्या अगदी विरुद्ध उदाहरणही आहे. डॉ. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये आले, सांगलीला दवाखाना मांडला, आणि १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभं केलं. त्यासाठी पैसा दिला जॉन कॉनव्हर्स यांनी, म्हणजे फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याच्या भागीदाराने, जिथे आगगाडीची इंजिनं बनत. चाकांवर कमावलेल्या पैशातून वॉनलेस एका जागी बसले. १९२८ पर्यंत ते मिरज सोडून गेले नाहीत. मोतीबिंदू, मुतखडे, गाठी घेऊन माणसं महाराष्ट्र-कर्नाटकातून बैलगाड्यांनी आणि रेल्वेने मिरजेला येत राहिली. नातेवाईक झाडाखाली चुली मांडून राहत. मिरजेचं डॉक्टरांचं गाव म्हणून जे नाव झालं त्याचं मूळ या एका जागी बसण्यात आहे. वॉनलेसवाडी नावाचं ठिकाण आजही आहे. टिळकांच्या दरबाराची साताऱ्यात अशी खूण उरली नाही; सुरू होऊन दोन वर्षं होण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले आणि दरबार पांगला. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तो वेगळा इतिहास. वाट धरणाऱ्याने वॉनलेसचंही उदाहरण खिशात ठेवावं. आपण देवाच्या हाकेला ओ देतो आहोत की एका जागी टिकून राहण्याचा कंटाळा आला आहे, हे ज्याचं त्याने बघायचं.

आता व्यवहार. ख्रिस्ती माणसाला गाडीत राहताना जी अडचण येते ती इतर भटक्यांना येत नाही. ती म्हणजे मंडळी. हिंदू माणूस वाटेतल्या कुठल्याही देवळाच्या पायरीला हात लावून पुढे जाऊ शकतो. ख्रिस्ती माणूस कुठल्यातरी मंडळीच्या वहीत असतो. प्रभुभोजन तिथे, मुलांचा बाप्तिस्मा तिथे, लग्नाची जाहीर घोषणा तिथे, वर्गणी तिथे. रविवारी कुठल्याही गावच्या उपासनेला जाऊन बसता येतं, पाळक साहेब व्यासपीठावरून पाहुण्यांचं नावही घेतात, नंतर चहा होतो. पण तिसऱ्या रविवारी तुम्ही तिथे नसता. उपवास-प्रार्थनेला कुणाच्या घरी जमायचं आहे हे तुम्हाला कुणी कळवत नाही. हार्वेस्ट फेस्टिव्हलला उपासनेनंतर भोपळ्या-कोंबड्यांचा लिलाव होतो, त्यात चढ्या बोलीने शेजाऱ्याचीच कोंबडी विकत घेण्याची जी गंमत आहे ती पाहुण्याला कळत नाही. आणि कबरस्तान. कुणी बोलत नाही, पण मिरज-सांगलीकडच्या कुठल्याही वडीलधाऱ्या ख्रिस्ती माणसाला गाडीत राहायला जातो म्हणून सांगा, तो आधी विचारील, मंडळीचं सभासदत्व कुठे ठेवणार? त्याच्या डोक्यात जागा असते ती साडेतीन हात लांबीची.

म्हणून फ्लॅट विकावा की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. सभासदत्व हलवू नये. वर्गणी ऑनलाइन भरता येते. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात, कॅरलवाले गिटार आणि ढोलकी घेऊन घरोघर फिरतात तेव्हा, आपल्या मंडळीत परत यावं. गाडी चर्चच्या आवारात लावायला पाळक नाही म्हणणार नाहीत, पण पंचकमिटीला आधी विचारलेलं बरं. आवारांच्या जमिनीवरून ठिकठिकाणी वाद चालू असतात. तुमची गाडी आठवडाभर उभी दिसली की कुणीतरी ती दुसऱ्या पक्षाची समजतो.

रस्त्याचं सांगायचं तर हे दोन जिल्हे शिकाऊ माणसाला छान आहेत, कारण शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये सगळ्या तऱ्हेचं हवामान आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि माण किंवा जतमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याचा भरवसा नाही. पाद्र्यांचं वेळापत्रक अजून लागू पडतं. नोव्हेंबरात निघावं. वाई, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, मग खाली इस्लामपूर, सांगली, मिरज, आणि जानेवारीत आटपाडी-जत. पुढे उन्हं वाढली की मागे फिरावं. कृष्णेच्या काठाला गाडी लावायचा मोह होतो, हिवाळ्यात लावायला हरकतही नाही. पण सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात, ४५ फूट धोक्याची धरतात, आणि २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा सांगलीकरांनी पक्की घरं सोडली. चाकांच्या घराने तर आधीच निघायला हवं.

संडासाची पेटी रिकामी करणं हा आपल्याकडे खरा यक्षप्रश्न आहे. त्यासाठी ठरलेली जागा महामार्गावर नाही. पंपावरच्या स्वच्छतागृहात, मालकाला सांगून, चार पैसे देऊन ती ओतावी लागते. ओढ्यात ओतणारे आहेत. त्यांनी भक्तीवर बोलू नये.

आणि टाकी पेट्रोल पंपावर भरू नये. गावात शिरून, एखाद्या घराशी थांबून, पाणी मिळेल का म्हणून विचारावं. हे अर्थात ज्याला विचारणं सोपं नाही त्याच्यासाठी. माणदेशात उन्हाळ्यात कुणी घागर हातात देताना आधी आपल्या घरातला हंडा वाकून बघतं, तेव्हा तिथे शंभर लिटर मागायचे नसतात. पाइप पुढे करू नये, बाटली पुढे करावी. मग बोलणं निघतं: कुठले, काय करता, आडनाव काय. आडनावाचा प्रश्न येतोच, आणि तो कशासाठी येतो हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याला उत्तर काय द्यायचं हे गाडी घेण्याआधी नवरा-बायकोने ठरवून ठेवावं, कारण वाईपासून जतपर्यंत तो प्रश्न टाकी बदलून चुकवता येत नाही.

पहिलं वर्ष चार महिन्यांचंच करावं, बाराचं नको. फ्लॅट भाड्याने द्यायचा तर अकरा महिन्यांचा करार करावा लागतो आणि चारच महिन्यांत परतलात तर सासुरवाडीला राहावं लागेल, हेही धरून चालावं. बॅटरी आणि सौर पॅनेलवर पैसे घालताना लोक हात आखडत नाहीत, टायरवर आखडतात; उलट करावं. जूनला गाडी सावलीत, शेडखाली उभी राहील अशी जागा आधी बघून ठेवावी. पसरणीचा घाट पावसाळ्यात असल्या उंच, जड गाडीने चढू नये.